कोपऱ्यावरचा तिसरा ड्रम

मास्तर, तुला जाऊन अकरा दिस झालं, आन् मी अजून सकाळी दोन कटिंग वततो. एक माजी, एक तुजी. मंग ध्यानात येतं. मंग दोनी मीच पितो. म्हंजे बग, तू गेल्यावर बी मी तुज्या वाटचंच पितोय.

हे मी लिहीत न्हाई. मला लिहायला येत न्हाई हे तुला म्हाईतच हाय. शाळेत मी दीड दिस गेलो. पयल्या दिवशी पाटी फोडली, दुसऱ्या दिवशी गुरुजींनी इचारलं कुनी फोडली, आन् म्या खरं सांगायच्या ऐवजी पळून आलो. तवापासनं माजी तीच सवय हाय. हे ऋतुजा लिहितीय. तीच, डिझाईन कॉलेजची, जिला तू इंजिनेरबाई म्हनायचास. त्यांच्या कॉलेजात आपल्या ह्या जागेचे फोटू लावनार हायेत, आन् त्याच्या खाली तुज्याबद्दल दुकानदाराचे चार शब्द पायजेत. समद्यांनी माजं नाव सांगितलं, कारन बडबडायला माज्याइतका रिकामा मानूस चाकनमदी दुसरा न्हाई. म्या तिला एकच अट घातली. मी बोलीन तसंच लिहायचं, मधी थांबायचं न्हाई, खोडायचं न्हाई. ती म्हनली, "हो काका." आपन कशाला हो म्हनलो ते तिला अजून म्हाईत न्हाई.

ती दुसऱ्या ड्रमापाशी बसलीय. वही मांडीवर. तिसऱ्याकडं बगत न्हाई.

मास्तर, तू लातूरकडनं यिऊन माज्या शेजारी दुकान टाकलंस तवा मला वाटलं व्हतं, ह्यो दोन महिन्यात जातोय. कंपनीच्या वळनावर कोन कापडं शिवायला यिनार. पन तू युनिफॉर्म बारीक करायचं काम धरलंस. कंपनी देती समद्यांना एकाच मापाचं, आन् मानसं निघत्यात वेगवेगळ्या मापाची. माजं माप तर तुज्या वहीत दर वर्षी नवीन. तू टेप माज्या कमरंला गुंडाळायचास आन् म्हनायचास, "दत्तू, टेप संपायला लागलाय बाबा."

ती प्यांट आठवती का? भाच्याच्या लग्नाला जायचं व्हतं, तू जेवायला गेलेला, म्या दोरीवरची माजी प्यांट काडली आन् घालून गेलो. मांडवात मागं जो तो हसतोय. मला वाटलं, मी इनोद लई भारी केला. घरी आल्यावर बायकूनं दाखवलं, बुडावर खडूची ही एवडी पांढरी फुली. दुसऱ्या दिवशी तुज्याशी भांडायला आलो तर तू सुई दातात धरून म्हनलास, "फुली दिसली न्हाई का रे? ज्याच्यात खोट हाय त्याच्यावर फुली. नुसता टाका घातलाय, भरवसा न्हाई, कुणी अंगात घालू नये म्हणून." म्हनलो, आधी सांगायचं. म्हनलास, "खडूनं सांगितलंय की." त्याच वक्ताला मी वाकलो आन् शिवन गेली. तू दोन दिस हसत व्हतास.

तेवडं एक अक्षर मला तू शिकवलंस. बाकी मला काय वाचता येत न्हाई, पन फुली येती.

मंग ही पोरं आली. सात-आठ जन, पाटीवर बॅगा. ऋतुजा पुढं. म्हनली, "काका, आम्ही छोट्या दुकानांसाठी आउटडोअर स्पेस डिझाईन करतोय. बाहेर बसायची जागा." म्या म्हनलो, "बाई, आमी जन्मापासनं भाइरच बसलोय, आत बसायची एकादी काडता आली तर बगा." तू आतून हसलास आन् टाचनी गिळता गिळता वाचलास. त्यांनी नकाशा माज्या हातात दिला. म्या तो पार लांब धरला, जवळ धरला, मान हलवली, म्हनलो, "बराबर हाय, फकस्त माजी टपरी जरा बारीक काडलीय." ऋतुजानं तो हळूच माज्या हातात सुलटा केला. कुनाला कळू न देता. तवाच मला कळायला पायजे व्हतं का ही पोरगी दुसऱ्याचं झाकती.

दोन दिस त्यांनी काय केलंच न्हाई, नुसता रस्ता बगत बसली. मी चेष्टा केली, कॉलेजात रस्ते न्हाईत का म्हनून. तू मातर टेप घिऊन त्यांच्यात जाऊन बसलास. म्हनलास, "मापल्याबिगर कापत नाहीत, चांगली पोरं हायेत." आन् त्या पोरांना ट्रेलरचं वळन तूच समजावून सांगितलंस, कापडाचा लांब तागा जमिनीवर वडून. कंटेनरचा ट्रेलर गेटाकडं वळतो तवा मुंडकं लांबनं जातं, आन् मागची चाकं आतनं कापत येत्यात, आपल्या दुकानाच्या अंगाला. "मुंडकं गेलं की लोकं म्हणतेत, गेला ट्रेलर. गेलेला नसतोय तो," असं तू म्हनलास. ऋतुजानं ते वहीत लिहून घेतलं. मला तवा हसू आलं. आता काचंचे गिलास थरथरायला लागले का मला तेवडंच ऐकू येतं.

जागा लई ग्वाड झाली व्हती, मास्तर. कंपनीच्या टाकलेल्या फळ्यांचे बाक, त्याला पिवळा रंग, वर हिरवी जाळी. रस्त्याच्या कडंला तीन लोखंडी ड्रम, खाली सिमिट, वर इटा-दगडाचं राबिट गच्च भरलेलं, त्याच्यावर माती आन् कोरफड. राबिट म्याच भरलं, माज्याच जुन्या मोरीच्या भिताडाचं. ऋतुजा एकेका ड्रमावर थाप मारून बगायची. म्हनली, "काका, ड्रम ट्रेलरला अडवणार नाहीत. पण चाक घासलं तर ड्रायव्हरला धक्का कळेल, तो थांबेल. तेवढ्यासाठीच आहेत. आतलं काही काढायचं नाही." तीनदा म्हनली. मला पाठ झालं. आयुष्यात पाठ झालेली माजी एकच कविता.

उद्घाटनाला मी पयल्या बाकावर पुढारी बसतो तसा बसलो, आन् रंग वला. तीन पट्टे घिऊन उठलो. वहिनी, तुजी कुशावर्ता वहिनी, जी पंधरा वर्षांत दुकानाच्या पडद्याच्या भाइर कधी बसली न्हाई, ती त्या दिवशी बाकावर बसली आन् चा प्याली. कॅन्टीनच्या बाया बसची वाट बगत उनात हुभ्या राहायच्या, त्या तिसऱ्या ड्रमापाशी बसायला लागल्या. तितं सावली बी चांगली, वारं बी. तू मशीनवरनं बगायचास. म्हनलास, "दत्तू, माणसं बसलेली चांगली दिसतेत रे."

ते इसरत न्हाई मला.

पंधरा दिवसांनी एक ट्रेलर तिसऱ्या ड्रमाला घासला. धाडकन आवाज, ट्रेलर जागेवर थांबला. डायव्हर खाली उतरला, युपीचा पोरगा, शिव्या दिऊन दमला, मंग गाडी मागं घितली, परत वळवली. म्या त्याला चा दिला आन् म्हनलो, भय्या, हमारा ड्रम तुमसे जादा शिकेला है. समदे हसले. कॅन्टीनच्या दोघी तवा बाकावर व्हत्या. त्या बी हसल्या. म्हंजे बग मास्तर, ड्रम काय कामाचा हाय हे मला म्हाईत व्हतं. कुनी सांगायची गरज नव्हती. म्या सोता बगितलं व्हतं.

मंग समोरच्या अंगाला पायपासाठी चर खनला आन् माती तशीच टाकून गेले. ट्रेलरवाल्यांना तिकडं जागा उरंना. मागची चाकं रोज जरा जरा आत यायला लागली. तू रोज सांच्याला दुकान बंद करायच्या आधी शिलाईचा खडू घिऊन जायचास आन् चाक जितवर आलं तितं रेघ मारायचास. काल इतं. आज इतं. म्या गिऱ्हाइकांना तुजी नक्कल करून दाखवायचो, कंबर वाकवून, डोळे बारीक करून. "मास्तर रस्त्याची विजार शिवतोय, रस्ता जाड झालाय." लोकं हसायची. तू बी हसायचास. पन रेघ मारायचा थांबला न्हाईस. चौथी रेघ, पाचवी रेघ. मी त्या रेघांवरनं बादली घिऊन जायचो आन् खाली बगायचो न्हाई.

बादली. आता तिकडंच येतोय मी. ऋतुजा, लिहितीस न्हवं?

उनाळ्यात पान्याचा टँकर एक दिसाआड यायला लागला. माजी पान्याची टाकी चिरली. पानी न्हाई तर चा न्हाई, चा न्हाई तर दत्तू न्हाई. आन् समोर तीन ड्रम मातीनं भरून शोभंला ठिवलेले. माज्या डोक्यात एकदा काय शिरलं का शिरलं. तू गावाकडं मेहुनीच्या लग्नाला गेलतास चार दिस. त्यातल्या एका दुपारी म्या तिसऱ्या ड्रमातलं समदं राबिट उपसलं, खालचं सिमिट पहारीनं फोडलं, ड्रम घासून टपरीच्या मागं नेला आन् पानी भरलं. त्याच्या जागेवर भंगारातला गंजका, पातळ ड्रम आनून ठिवला. त्याला पिवळा रंग मारला. वर घमेल्यात माती, मातीत तीच कोरफड. बायकूला बोलावून दाखवला. ती म्हनली, "ओळखू येत न्हाई." मला एवडा आनंद झाला, मास्तर. सोताला म्हनलो, दत्तू, तू बी डिझाईनर झाला.

तिनं हात थांबवलाय. ऋतुजा, तू हो म्हनलीस. लिही.

तू गावाकडनं आलास. हातात अजून पिशवी. येता येता सवयीनं कातरीच्या मुठीनं तीनी ड्रमांवर ठोका मारलास, सायकलच्या घंटीसारका मारायचास तसा. पयला, ठक. दुसरा, ठक. तिसऱ्याचा पोकळ आवाज आला तवा तू तितंच हुभा राह्यलास. परत मारलास. म्या टपरीतनं वरडलो, "काय मास्तर, ड्रमाला ताप आलाय काय?" तू हसला न्हाईस. पिशवी घिऊन तसाच आलास आन् हळू म्हनलास, "दत्तू, भर ते."

म्हनलो, रविवारी भरतो.

दुसऱ्या दिवशी तू शिलाई मशीन उचलून तिसऱ्या ड्रमापाशी नेलीस. बाकाच्या त्या टोकाला तू, पुढं मशीन. कॅन्टीनच्या बायांना म्हनलास, "तायांनो, तिकडं बसा, माझा पसारा हाय." त्या पयल्या ड्रमाकडं सरकल्या. रोज तितंच. जेवायला गेलास तर बाकावर कापडाचा गठ्ठा ठिवून जायचास, कुनी बसू ने म्हनून. मला राग आला. मला वाटलं, तू मला टोचायला बसतोयस. समद्या गावाला दाखवायला, बगा ह्यो दत्तू कसा हाय. म्हनलो, "मास्तर, सावलीची जागा एकट्यानंच बळकावली, बायाबापड्यांनी उनात बसायचं का?" तू म्हनलास, "भर. भरलंस की उठतो." म्हनलो, "आधी उठ, मंग भरतो." तू म्हनलास, "मी काय उठत नाही बाबा." म्हनलो, "मंग मी बी काय भरत न्हाई." आन् गिऱ्हाइकं हसली, कारन आपलं दोगांचं भांडन म्हंजे फुकटचा तमाशा.

तीन रविवार गेले, मास्तर. पयल्या रविवारी पानी आलं नव्हतं. दुसऱ्याला माजी कंबर धरली व्हती. तिसऱ्याला काय व्हतं ते मला आठवत बी न्हाई. काय नव्हतंच. मी तुजी वाट बगत व्हतो, तू आधी उठशील म्हनून. आन् तुज्या रेघा सरकत व्हत्या. शेवटची रेघ ड्रमापासनं एक वीतभर व्हती. ती बी म्या बगितली.

बुधवारी दुपारी शेकंड शिफ्ट आत चालली व्हती. मी कढईवर. तू आल्या आल्या म्हनलावतास, "आज रसा पाठवू नको, घरनं डबा आणलाय." तुजं शेवटचं बोलनं ते. माज्यासंगं अबोला धरलावतास अर्धा, म्हनून तेवडंच. गिलास थरथरले. मुंडकं गेलं. म्या बगितलं का मुंडकं गेलं, आन् पाट फिरवली, तेलात वडं सोडलं. मंग बिस्किटाचा पुडा चुरगाळल्यावानी आवाज आला. एवडाच. धाडकन न्हाई. धक्का न्हाई. ट्रेलर थांबला न्हाई, पुढं गेटापतुर गेला. लोकं पळत जाऊन आडवी झाली तवा थांबला. डायव्हर खाली उतरून इचारत व्हता, क्या हुआ.

त्याला खरंच काय कळलं नव्हतं, मास्तर. तो आत हाय आता. तो समद्यांना सांगतोय का काय लागल्याचं कळलंच न्हाई, आन् कुनी त्याचं खरं धरीत न्हाई. मला म्हाईत हाय तो खरं बोलतोय. पोलिसांनी मला इचारलं, काय बगितलं. म्हनलो, मी वडं तळत व्हतो. ते बी खरंच हाय. खऱ्याचं एवडं बारीक पीठ मलाच करता येतं.

दहाव्याला ऋतुजा आली. हातात तोच नकाशा, गुंडाळलेला. वहिनीच्या पुढं बसली आन् म्हनली, "काकू, माझं माप चुकलं. मी ड्रम अजून आत घ्यायला हवे होते." वहिनीनं तिला जवळ घितलं, म्हनली, "न्हाई गं माय, तू कशाला. तुझ्यामुळं त्यांनी शेवटचे तीन आठवडे उजेडात बसून काम केलं." मी तितं बाजूला पत्रावळी घिऊन हुभा. पोरीचं माप तसूभर चुकलं नव्हतं. तोंड उघडलं आन् काय बोललो म्हाईत हाय का? म्हनलो, "बाई, माप चुकायची सवय मास्तरला व्हती, माजी प्यांट बगा." दोन-चार जन हसले बी. ती हसली न्हाई. तिनं कॉलेजात सांगितलंय का पुढच्या वळनावर पंक्चरवाल्याचं आन् भाजीवालीचं काम ती करनार न्हाई. परत नकाशा काडनार न्हाई. भाजीवालीनं मला इचारलं बी, पोरं कधी यिनार. तिची दोन नातवंडं तितं रस्त्याच्या कडंला खेळत्यात. तितले ट्रेलर बी असेच वळत्यात.

ऋतुजा, तुजं माप बराबर व्हतं. हे असंच लिही, मोट्या अक्षरात लिही. आन् उद्या तू माज्यासंगं चौकीला चल. मी बोलीन, तू फकस्त अंगठा कुटं लावायचा ते दाखव. मला अंगठा बी धड करता येत न्हाई, शाई सांडतो. त्या डायव्हरला काय कळलं नव्हतं हे सांगायचं हाय. आन् वहिनीला हे वाचून तूच दाखव. माज्या तोंडावर माजा भरवसा न्हाई, मी तितं परत इनोद करीन.

ड्रम काल भरला, मास्तर. रविवार नव्हता. पानी वतून दिलं, ड्रम परत आनला, राबिट भरलं, खाली सिमिट घातलं. थाप मारून बगितली. ठक वाजतो.

एक राह्यलं. तुला नेल्यावर लोकांनी बाक सरळ केला, कापडाचा गठ्ठा उचलला. तू बसायचास त्या फळीवर, तुज्या बुडाखाली, खडूची फुली. मोटी. जुनी झालेली, तुज्याच बसन्यानं पुसट झालेली, परत परत गिरवलेली. मी ती वाचली. मला तेवडं एकच वाचता येतं, आन् ते बी तूच शिकवलेलं. तू मला टोचायला बसला नव्हतास. तू खोट हाय तितं बसला व्हतास, दुसऱ्या कुनी बसू ने म्हनून. आन् मी तुला रोज उठ म्हनत व्हतो.

कुनी बगायच्या आत म्या चाच्या फडक्यानं पुसली. आठवड्याभरात आठ-दहा येळा पुसली असंल. वल्लं फडकं फिरवलं का जाती. फळी वाळली का परत दिसती. सकाळी पुसायची, दुपारच्या उनात बगावं तर हाय. रंगाच्या भेगंत गेलीय वाटतं. गिऱ्हाईक इचारतं, दत्तू, बाक किती पुसतोस. म्हनतो, मास्तर आला का त्याला सोच्छ लागतं.

पोरगी उठली व्हती आत्ता. वही तशीच ठिवून तिसऱ्या ड्रमापाशी गेली, फळीवर हात फिरवला, यिऊन परत बसली. माज्याकडं बगितलं न्हाई. पेन उचलला आन् म्हनली, "पुढे, काका?"

पुढं काय न्हाई. ऊन चढायला लागलंय. फडकं मी आज घरी ठिवून आलोय.